हॅचरीतील ट्राउट आणि ‘जनुके बिघडलेल्या माशां’चा संदेश

नाशिकमध्ये गंगापूर आणि दारणा धरणांच्या काठी गळ टाकणाऱ्यांच्या मोबाइलवर सध्या एक संदेश फिरत आहे. त्यात अमेरिकेत गळाला लागलेला एक पिवळाधमक ट्राउट (थंड पाण्यातला एक मासा) आणि दोन डोक्यांचे एक पिल्लू दिसते. हॅचरीत, म्हणजे माशांची अंडी फळवून पिले वाढवण्याच्या केंद्रात, वाढलेल्या माशांची जनुके बिघडतात, त्यांना मुद्दाम गुणसूत्रांचा जादा संच देऊन वांझ केले जाते, असे मासे खाल्ल्याने माणसाची जनुके बदलतात आणि आपल्या धरणांत सोडली जाणारी बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिले, हीही तसलीच असतात, असे चार दावे त्याखाली आहेत. यातला एक अर्धा खरा आहे. हॅचरीबद्दल जी काळजी खरोखर करायला हवी, तिचा मात्र संदेशात उल्लेखच नाही.

पिवळ्या ट्राउटपासून सुरुवात करू, कारण इथे उत्परिवर्तन, म्हणजे जनुकातला बदल, खरोखरच आहे. 1955 मध्ये वेस्ट व्हर्जिनियातील एका हॅचरीत रेनबो ट्राउटच्या नेहमीच्या पिलांमध्ये पिवळसर रंगाची एक मादी आढळली. तिच्यापासून निवडीने वंश वाढवून 1963 मध्ये, त्या राज्याच्या शताब्दीच्या वर्षी, सोनेरी ट्राउट लोकांना गळाने पकडण्यासाठी सोडण्यात आले. हा बदल हॅचरीने घडवला नव्हता. रंगाच्या जनुकांतले असे बदल नदीतल्या माशांतही होतात, परंतु उथळ पाण्यात लांबून चमकणारे पिल्लू बगळ्याच्या किंवा मोठ्या माशाच्या तोंडी लवकर जाते, आणि हॅचरीच्या टाकीत त्याला खाणारे कोणी नसल्यामुळे ते वाढते, माणसाच्या नजरेस पडते व कोणाला आवडले तर त्याची वीणही घेतली जाते.

दोन डोक्यांच्या पिलाची गोष्ट वेगळी आहे. अशी छायाचित्रे 2012 मध्ये गाजली, ती अमेरिकेतील आयडाहो राज्यातल्या फॉस्फेट खाणीच्या सेलेनियम प्रदूषणासंबंधीच्या अहवालामुळे. सेलेनियम मादीच्या शरीरातून अंड्याच्या बलकात उतरते आणि भ्रूणाची वाढ विस्कटवते. जनुके शाबूत असली तरी शरीर वेडेवाकडे घडते. एरवी स्वच्छ पाण्याच्या हॅचरीतही हजारो अंड्यांमागे एखादे जोडपिल्लू निघते, पण बलक संपल्यावर ते सहसा जगत नाही, त्यामुळे ते गळाला लागण्याइतके मोठे होण्याचा प्रश्नच येत नाही. वाकड्या कण्याच्या ट्राउटमध्येही दोष जनुकांचाच असतो असे नाही: खाद्यात ‘क’ जीवनसत्त्व कमी पडले तरी कणा वाकतो, आणि मिक्सोबोलस नावाचा परजीवी पिलाच्या कूर्चेत शिरला तरी डोके व कणा विद्रूप होतात.

वांझ माशांचा दावा अर्धा खरा आहे. ट्राउटचे अंडे फळल्यानंतर काही मिनिटांतच त्याला उष्णतेचा किंवा प्रचंड दाबाचा झटका दिला, तर अंड्यातून एरवी बाहेर टाकला जाणारा गुणसूत्रांचा संच आतच राहतो, आणि दोनऐवजी तीन संच असलेला वांझ मासा तयार होतो. यात बाहेरचे एकही जनुक घातले जात नाही. संदेश लिहिणाऱ्याने हे का करतात ते सांगितलेले नाही. इंग्लंडमध्ये 2015 पासून नद्यांत सोडायचे ब्राउन ट्राउट एक तर असे वांझ असावेत किंवा त्याच भागातील माशांची संतती असावेत, असे धोरण आहे, आणि त्याचा हेतू रानटी ट्राउटच्या वंशात हॅचरीचा वंश मिसळू नये हा आहे.

खाण्याने जनुके बदलतात, हे निव्वळ खोटे आहे. भाजीत, डाळीत, मटणात, प्रत्येक घासात आपण दुसऱ्या जीवांची जनुके खातो आणि ती पोटात पचतात.

आता आपल्या धरणांकडे येऊ. ट्राउटला थंड, वाहते पाणी लागते. भारतात तो काश्मीर, हिमाचल, निलगिरी अशा ठिकाणी आहे, गोदावरीच्या धरणांत नाही. इथल्या जलाशयांत प्रामुख्याने कटला, रोहू आणि मृगळ यांचे बीज सोडतात. ‘जयंती’ रोहू ही सुधारित जातसुद्धा भुवनेश्वरच्या मत्स्यसंशोधन संस्थेत पिढ्यान्‌पिढ्या निवड करून तयार झाली आहे, बाहेरचे जनुक घालून नव्हे.

तरीही हॅचरी निर्धोक आहे असे मी म्हणत नाही, कारण बंदिस्त टाकीत जे जगते तेच पुढच्या पिढीचे आईबाप होते. अमेरिकेतील ओरेगॉन राज्याच्या हूड नदीतील स्टीलहेड (समुद्रात जाऊन परतणारा रेनबो ट्राउट) माशांवरील 2007 च्या अभ्यासात आढळले, की हॅचरीतील प्रत्येक पिढीमागे माशांची नदीतील प्रजननक्षमता सुमारे 40 टक्क्यांनी घटते. आपल्याकडचा दोष निराळ्या वाटेने येतो: मोजक्याच नर-माद्यांकडून वर्षानुवर्षे बीज घेतले की वंश अरुंद होतो, आणि कटला, रोहू, मृगळ एकाच कुंडात सोडून वीण घेतली की त्यांचे संकर होतात, जे बोटुकली असताना ओळखणेही अवघड असते. म्हणून नाशिकच्या मच्छीमार संस्थांनी जिरे (नुकती निघालेली बारीक पिले) किंवा बोटुकली विकत घेताना नर-माद्या कुठून आणल्या, किती जोड्यांपासून बीज घेतले आणि प्रत्येक जातीची वीण स्वतंत्र कुंडात झाली का, हे लेखी मागितले पाहिजे.