‘जो वापरेल त्याने भरावे’ एवढ्यावर क्लबहाउस चालत नाही

नमस्कार. प्रतिक्रिया सविस्तर लिहिलीत, म्हणून उत्तरही लांबच देतो. पुण्यातल्या संकुलांमधली क्लबहाउसेस कशी बदलताहेत, या लेखावर तुमचं म्हणणं असं: क्लबहाउस हा बिल्डरने गळ्यात मारलेला पांढरा हत्ती आहे, जो वापरेल त्यानेच पैसे भरावेत, पोहण्याचा तलाव तर सरळ बंद करावा आणि हॉल बाहेरच्यांना भाड्याने द्यावा.

पांढरा हत्ती हे निम्मं मान्य. पूना क्लब (१८८६) किंवा डेक्कन जिमखाना (१९०६) इथे माणूस स्वतः अर्ज करून सभासद होतो. बाणेर-हिंजवडीत सभासदत्व फ्लॅटला चिकटून येतं, हवं असो वा नसो. पण म्हणूनच आधी कागद बघा. रेरा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांचं नियमन करणाऱ्या कायद्याच्या कलम २(एन) नुसार प्रकल्पातल्या सामुदायिक सोयी सामाईक क्षेत्रात मोडतात. गोची होते ती टप्प्याटप्प्याने बांधलेल्या प्रकल्पात. प्रत्येक टप्प्याची नोंदणी वेगळी, आणि क्लब शेवटच्या टप्प्यात दाखवलेला. करारनाम्यातलं सामाईक क्षेत्राचं परिशिष्ट, मंजूर नकाशा आणि महारेराच्या (हा कायदा राबवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावरची नोंद, या तीन गोष्टी शेजारी ठेवून वाचल्या तर मालकी कोणाची ते कळतं. ते न बघता वापराच्या दरावर भांडणं व्यर्थ.

आता ‘वापरेल त्याने भरावे’. मध्यम आकाराचा तलाव घ्या: २० बाय १० मीटर, सरासरी खोली १.२ मीटर. पाणी २ लाख ४० हजार लिटर. सगळं पाणी सहा तासांत एकदा गाळायचं तर तासाला ४० हजार लिटर, म्हणजे साधारण पाच एचपीचा पंप. दहा तास चालला तर दिवसाला सदतीसेक युनिट वीज. उन्हाळ्यात बाष्पीभवन रोज ६ मिलिमीटर धरलं तर १,२०० लिटर उडून जातात. फिल्टरच्या एका बॅकवॉशला, म्हणजे उलटं पाणी सोडून तो धुवायला, पाचएक हजार लिटर लागतात (हे क्लोरीनचं पाणी एकदम एसटीपीत, म्हणजे सोसायटीच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात सोडू नका, तिथले जिवाणू मरतात). त्यावर जीवरक्षकाचा पगार. यातलं काहीच पोहणारे दोन आहेत की वीस, यावर फारसं अवलंबून नाही. सगळा खर्च वापरणाऱ्यांवर टाकला की दर वाढतो, दर वाढला की चार जण सोडतात, उरलेल्यांचा दर आणखी वाढतो.

म्हणून स्थिर खर्च मेंटेनन्समध्ये आणि बदलता खर्च वापरावर, हीच विभागणी टिकते. पाहुण्यांची फी, प्रशिक्षण, हॉलचं एसी वेगळ्या मीटरवर, हे वापरणाऱ्याने द्यावं. सहकारी सोसायटी असेल तर आदर्श उपविधींप्रमाणे सेवाआकार सर्व सदनिकांना समान. १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायद्याखालचं अपार्टमेंट असेल तर सामाईक मालमत्तेतल्या अविभक्त हिश्शाच्या प्रमाणात. तुमची संस्था यातली नेमकी कोणती, हे कमिटीतल्यांनाही कधीकधी सांगता येत नाही! शिवाय सोसायटीची वार्षिक उलाढाल २० लाखांवर असेल आणि घरटी आकारणी महिन्याला ७,५०० रुपयांवर गेली, तर १८ टक्के जीएसटी. तो पूर्ण रकमेवर, असं २०१९ चं परिपत्रक म्हणतं. फक्त ७,५०० च्या वरच्या रकमेवर, असं मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये म्हटलं. दर ठरवण्याआधी सीएला विचारा.

तलाव ‘बंद’ करणं तर सगळ्यात महाग पडू शकतं. पाणी तसंच सोडलं तर डासांच्या अळ्या आणि पालिकेची नोटीस. रिकामा ठेवला तर उन्हाने टाइल्स सुटतात, आणि जमिनीतला तलाव असेल तर पावसाळ्यात खालच्या पाण्याचा दाब तळ उचलतो. बुजवायचा म्हणाल तर पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या स्लॅबवर असलेल्या तलावात मुरूम टाकू नका. १.२ मीटर पाण्याचा भार चौरस मीटरला १.२ टन, तेवढ्याच ओल्या मुरमाचा दोन टनांच्या पुढे. स्लॅब पाण्याच्या हिशेबाने बांधलेला असतो. स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला, सर्वसाधारण सभेचा ठराव, नकाशातला बदल मंजूर, आणि मगच थर्माकोलच्या ठोकळ्यांसारखा हलका भराव किंवा वरून डेक.

तलावावरची तक्रार बहुतेकदा देखभालीची असते. ट्रायक्लोरच्या (हळूहळू विरघळून क्लोरीन सोडणाऱ्या) गोळ्या तरंगत्या डब्यात टाकून ठेकेदार मोकळा होतो. त्या गोळ्यांमधून दर १० पीपीएम (दहा लाख भागांत दहा भाग) क्लोरीनमागे सुमारे ६ पीपीएम सायन्युरिक आम्ल पाण्यात जमतं, आणि ते आपोआप जात नाही. हे आम्ल शंभर पीपीएमच्या वर गेलं की क्लोरीन असूनही काम करत नाही, पाणी हिरवं पडतं, ठेकेदार आणखी गोळ्या टाकतो. मग उपाय एकच, निम्मं पाणी काढणं. आधी हिशेब केलेल्या तलावाला म्हणजे दहा हजार लिटरचे बारा टँकर. त्याऐवजी डोसिंग पंपाने, म्हणजे मोजून मात्रा सोडणाऱ्या पंपाने, सोडियम हायपोक्लोराइट (द्रवरूप क्लोरीन) द्या, पीएच ७.२ ते ७.८ आणि मोकळं क्लोरीन १ ते ३ पीपीएम राखा, आणि या मोजणीच्या नोंदींची वही तलावाशेजारी टांगा, म्हणजे कोणालाही बघता येईल.

हॉल बाहेरच्यांना देण्याबद्दल थोडक्यात: त्या भाड्याला सभासदांसाठीची जीएसटी सवलत नाही, प्राप्तिकरात परस्परतेचं तत्त्व (सभासदांनी आपल्याच संस्थेला दिलेला पैसा हे उत्पन्न नाही) लागू होत नाही, आणि रात्रीच्या डीजेची तक्रार तुमच्याच नावावर.

क्लबहाउस बदलू नये, असं माझं म्हणणं नाहीच. ओस पडलेलं स्क्वॉश कोर्ट (९.७५ बाय ६.४ मीटर) को-वर्किंगला द्या. पण तिथे खिडकी नसते, दार एकच असतं, भिंती कडक असल्याने आवाज घुमतो. नुसता स्प्लिट एसी लावला तर तीच हवा फिरत राहते आणि दुपारी सगळे पेंगतात. बाहेरची हवा आणणारा पंखा, दुसरं दार आणि भिंती-छताला ध्वनिशोषक पॅनेल, हे अंदाजपत्रकात धरा. उंची साडेपाच मीटरच्या वर आहे म्हणून पोटमाळा काढायचा मोह होईल, मंजुरीशिवाय नको.

पिकलबॉलचं, म्हणजे छोट्या कोर्टावर कडक बॅटने खेळायच्या टेनिससारख्या खेळाचं, तुम्ही ओझरतं विचारलंत. एका टेनिस कोर्टाच्या जागेत चार कोर्टं बसतात, म्हणून कमिट्या भुलतात. पण कडक बॅटवर प्लॅस्टिकचा चेंडू आपटल्याचा टणटण आवाज टेनिसपेक्षा फार बोचतो. कोर्टाभोवती दहा फुटी आवाजरोधक पडदा लावला तर तळमजला-पहिला मजला वाचतो. पाचव्या मजल्यावरून कोर्ट दिसतंच, त्यामुळे आवाजही सरळ पोहोचतो. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल आहे. आधी एकाच कोर्टाच्या रेषा तात्पुरत्या टेपने आखा, महिनाभर सकाळी आठ ते रात्री आठ खेळू द्या, वरच्या मजल्यांच्या तक्रारी लिहून घ्या, आणि मगच चार कोर्टांचा ठराव सभेपुढे आणा.