चढावर गाडी मागे जायची भीती
चाळिशीनंतर गाडी शिकण्यावरच्या लेखात स्टिअरिंग धरताना हात थरथरतात असं लिहिलंय ते अगदी खरंय, मी ४६व्या वर्षी पुण्यात गाडी शिकले. क्लासच्या गाडीत सरांच्या पायाशीपण ब्रेक असतो म्हणून धीर येतो, पण आपल्या गाडीत फ्लायओव्हरच्या चढावर थांबावं लागलं आणि मागे रिक्षा चिकटून उभी असली की तळव्यांना घाम. शेजारच्या ताईंनी शिकवलं, हँडब्रेक ओढून ठेवायचा, क्लच हळूहळू सोडायचा, इंजिनचा आवाज जड होतो, बॉनेट किंचित उचलल्यासारखं वाटतं, तेव्हाच अॅक्सिलरेटर देऊन हँडब्रेक सोडायचा, गाडी मागे येतच नाही. लर्निंग लायसन्स ६ महिने चालतं, ३० दिवस झाले की लगेच टेस्टला पळू नका. आणि घरच्यांनो, प्लीज शेजारी बसून ओरडू नका हो, त्यानेच पाय चुकतो.