सरकार बुडालं, वकिलात चालू

जून १९४० मध्ये सोव्हिएत फौजा एस्टोनिया, लाटव्हिया आणि लिथुएनियात घुसल्या आणि ऑगस्टपर्यंत तिन्ही देश गिळंकृत झाले. मॉस्कोचा हुकूम सुटला, परदेशातल्या वकिलाती आमच्या ताब्यात द्या. अमेरिकेतल्या त्यांच्या दूतांनी साफ नकार दिला आणि पुढे १९९१ पर्यंत ही मंडळी नसलेल्या सरकारांचा कारभार बघत बसली!

याचं सगळं श्रेय अमेरिकेला द्यायची पद्धत आहे, ती मला पटत नाही. २३ जुलै १९४० ला अमेरिकेचे उपपरराष्ट्रमंत्री समनर वेल्स यांनी या बळजबरीचा निषेध केला आणि अमेरिकेने हे विलीनीकरण कधीच मानलं नाही, हे खरं. पण निवेदन काढायचं आणि विसरून जायचं, यात महासत्ता पटाईत असतात. ब्रिटनने कायदेशीर मान्यता दिली नाही, पण साठच्या दशकात या देशांचं ठेवीतलं सोनं विकून मॉस्कोशी जुना हिशेब मिटवला. स्वीडनने तर १९४० मध्येच सोनं देऊन टाकलं. वॉशिंग्टनला विसरणं जड गेलं, कारण ही माणसं तिथेच ठाण मांडून होती.

खर्च कोण करायचं? अमेरिकेने गोठवून ठेवलेला त्यांचाच पैसा होता. १९८० च्या सुमारास लिथुएनियाची पुंजी आटली, तेव्हा लाटव्हियाच्या खात्यातून उसनवारी करून वॉशिंग्टनमधल्या सोळाव्या रस्त्यावरची तिची वकिलात चालवली. दोघांनाही देश नाही, पण उसनवारी रीतसर.

खरी पंचाईत वयाची होती. १९४० पूर्वी स्वतंत्र सरकारच्या सेवेत असलेल्यांनाच अमेरिका मान्यता द्यायची. एकेक म्हातारा गेला की त्याच्या जागी आणायचा कोण? शेवटी नियम सैल करावा लागला.

एस्टोनियाचे दूत एर्न्स्ट याकसन मला यात सगळ्यात भावतात. १९२९ पासून अमेरिकेत. १९६५ मध्ये आधीचे प्रमुख योहानेस काइव्ह वारल्यावर एस्टोनियाचं न्यूयॉर्कमधलं दुकान याकसननी सांभाळलं. रॉकफेलर सेंटरमधल्या कचेरीतून निर्वासितांना एस्टोनियाचे पासपोर्ट देत राहिले. वेडेपणा वाटेल, पण १९९१ मध्ये 'आम्ही नवा देश नाही, तोच जुना' हा दावा अशाच कागदांच्या जोरावर उभा राहिला. त्या वर्षी याकसन राजदूत झाले, वय ८६!

आता कुणी म्हणेल, यांना निवडून कुणी दिलं होतं? प्रश्न रास्त आहे. १९४० मध्ये तिन्हीकडे एकाधिकारशाहीच होती, तेव्हा हे काही लोकशाहीचे दूत नव्हते. १९९३ मध्ये लिथुएनियाचे वॉशिंग्टनमधले दूत स्टासिस लोझोराइटिस मायदेशी राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले, तर लोकांनी माजी कम्युनिस्ट पुढारी ब्राझाउस्कास यांना निवडलं. मला त्यात नवल वाटत नाही. ज्यांनी पन्नास वर्षं तिथे राहून सगळं सोसलं, त्यांना बाहेरून आलेला माणूस कितीही सभ्य असला तरी पाहुणाच वाटणार.