प्रतिक्रियेला उत्तर : सरकीत खरंच कोड असतो का?

सर नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली, दोन ओळीत उत्तर देऊन मोकळं व्हावं असं वाटलं नाही म्हणून जरा लांबच लिहायलोय. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की डीएनए म्हणजे शरीराचं सॉफ्टवेअर आणि माणसाचा सगळा डेटा जवळपास एका सीडीएवढा. त्यावर मानवतकडच्या या सरांचं म्हणणं असं की ३० वर्षं कापूस करतोय, एकाच पाकिटातली सरकी काळ्या रानात छातीला लागती अन् मुरमाड रानात गुडघ्याला, मग कसला आलाय प्रोग्राम; दुसरं, कोड म्हणलं की लिहिणारा आला, तो कोण; आणि तिसरं, उपमा ही उपमाच असती, पोरांना ती विज्ञान म्हणून शिकवू नका.

आधी माझं जे चुकलं ते. ‘शरीराचं सॉफ्टवेअर’ हे वाक्य मी लेखातून काढलंय. कॉम्प्युटर बंद पडला तरी पेनड्राइव्हमधला प्रोग्राम तसाच राहतो आणि दुसऱ्या मशीनवर चालतो, पण पेशीत डीएनए वाचणारी यंत्रं त्याच डीएनएवरून बनतात, मशीन आणि प्रोग्राम असे दोन वेगळे ढीग तिथं करताच येत नाहीत. सीडीचं गणित चूक नाही, माणसाच्या डीएनएच्या एका संचात साधारण ३०० कोटी अक्षरं (ए, टी, जी, सी अशा नावांची रसायनं), चारच प्रकारची म्हणून प्रत्येकाला दोन बिट, म्हणजे सुमारे ७५० एमबी, पण ते अक्षरांचं माप झालं, माणसाचं नाही, हे तिथंच लिहायला पाहिजे होतं.

मुरमाड रानाचं मात्र तुम्ही ज्या बाजूनं सांगितलं त्या बाजूनं मला पटत नाही. पऱ्हाटीला पाण्याचा ताण बसला की तिच्यातले वेगळे जीन (डीएनएचे तुकडे, ज्यांवरून एकेक प्रोटीन बनतं) चालू होतात, काही बंद होतात, अक्षरं तीच राहतात. जाकोब आणि मोनो या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९६१ मध्ये आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय बॅक्टेरियात हेच दाखवलं होतं, दुधातली साखर पचवायचे जीन ती साखर समोर आली तरच चालू होतात, आणि ग्लुकोज असेल तर तेव्हाही जवळजवळ बंदच. दुधातली साखर आहे का, आणि ग्लुकोज नाही ना, अशा दोन अटी. इनपुट बदललं की आउटपुट बदलतं, म्हणून आत सूचना नाहीत असं कसं म्हणता येईल?

आता उपमेचा मुद्दा, आणि इथं तुमच्याच वावरातलं उदाहरण घेतो. बीटी कापसाला आपल्या देशात २००२ मध्ये परवानगी मिळाली. त्यातला बोंडअळीला मारणारा जीन मातीतल्या एका बॅक्टेरियाचा, बॅसिलस थुरिंजिएन्सिसचा. बॅक्टेरिया कुठं, पऱ्हाटी कुठं, पण त्या जीनवरून पऱ्हाटीनं तेच विष बनवलं. हे विष म्हणजे एक प्रोटीन, आणि प्रोटीन म्हणजे अमिनो ॲसिडच्या मण्यांची माळ; तीन अक्षरांचा कुठला शब्द म्हणजे कुठलं अमिनो ॲसिड हा तक्ता दोघांचाही एकच आहे. शब्द ६४, अमिनो ॲसिड २०, तीन शब्द ‘थांबा’साठी. १९६१ ला निरेनबर्ग आणि मथाय यांनी त्यातला पहिला शब्द लावला आणि पुढच्या पाच वर्षांत खोराना वगैरेंनी मिळून तक्ता पूर्ण केला.

पण सर, त्यातली गंमत पुढं आहे. बॅक्टेरियाचा जीन जसाच्या तसा टाकला तेव्हा झाडात विष फारच कमी तयार झालं. मग शास्त्रज्ञांनी त्याची शेकडो अक्षरं बदलली, प्रोटीन मात्र तेच ठेवलं. एका अमिनो ॲसिडला चार-चार, सहा-सहा शब्द असतात म्हणून हे जमलं, अर्थ तोच, बोली झाडाची केली, आणि मग विष भरपूर बनायला लागलं. उपमा असती तर तिच्यावर हिशोब करून असा जीन लिहिता आला नसता.

तक्ता तसाच का, दुसरा का नाही, तर वाचणारा तसा वाचतो म्हणून. युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टमधली फाईल तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर उघडली की चित्रविचित्र अक्षरं दिसायची, आठवतं ना, आत आकडे तेच, तक्ता दुसरा. आपल्या शरीरात हे रोज चालू आहे. टीजीए हा शब्द पेशीच्या केंद्रकातल्या जीनमध्ये असला तर ‘थांबा’, त्याच पेशीच्या मायटोकॉन्ड्रियातल्या (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागातल्या) जीनमध्ये असला तर ट्रिप्टोफॅन नावाचं अमिनो ॲसिड. मला विचाराल तर कोड या शब्दाला याहून पक्कं कारण लागत नाही.

आणि एक गोष्ट, जी मला या विषयातली सगळ्यात भारी वाटते. जॉन फॉन न्यूमन या गणितज्ञानं १९४८ च्या एका व्याख्यानात विचार मांडला होता की स्वतःसारखं मशीन तयार करणारं मशीन पाहिजे असेल तर आतली सूचनांची पट्टी दोन प्रकारे वापरावी लागेल, एकदा वाचून त्याप्रमाणं मशीन बांधायला, आणि एकदा न वाचता नुसती नक्कल करून नव्या मशीनमध्ये ठेवायला. डीएनएची रचना कळली १९५३ ला, आणि पेशी नेमकं हेच करती हे नंतर दिसलं. त्याच्याकडं पेशीचा फोटो नव्हता, फक्त तर्क होता. पोरांना हे सांगायचं नाही तर काय सांगायचं?

राहिला लिहिणारा कोण हा प्रश्न. याचं उत्तर आमच्या वावरात २०१७ ला मिळालं. त्या वर्षी गुलाबी बोंडअळीनं आमची पऱ्हाटी खाल्ली, वरून बोंड चांगलं दिसायचं अन् फोडलं की आत सरकी पोखरलेली. बीटीचं विष अळीच्या आतड्यातल्या एका प्रोटीनला चिकटतं तेव्हा काम करतं, आणि भारतातल्या शेतांतून गोळा केलेल्या, विषाला न जुमानणाऱ्या अळ्यांत त्या प्रोटीनच्या जीनमध्येच बिघाड सापडले. ते कुणी लिहिले नव्हते. नक्कल करताना अक्षरं चुकतात, बहुतेक चुका वाया जातात किंवा जीव घेतात, पण ज्या रानात सगळीकडं बीटीच आहे तिथं ही एक चूक असलेली अळी जगली, बाकीच्या मेल्या, आणि पुढच्या पिढीत तिचीच पिल्लं. आम्ही दरवर्षी तेच बियाणं लावत गेलो, पाकिटाबरोबर आलेली बिगर-बीटी सरकी बांधाला कधी लावली नाही, नुसती फेकून दिली. ती लावायची कशासाठी, तर साध्या अळ्या जिवंत राहाव्यात आणि त्यांच्याशी संकर होऊन ही चूक पातळ व्हावी यासाठी. हे मला तेव्हा माहीत असतं तर मी वडलांना ती फेकू दिली नसती.