जिन्याला कुलूप, भिंतीवर 'जिना वापरा'

लिफ्टच्या दाराशेजारी ते हिरवं पोस्टर लावलंय. एक हसरा माणूस टणाटणा पायऱ्या चढतोय आणि खाली लिहिलंय, 'लिफ्ट टाळा, जिना वापरा, हृदय जपा'. आज म्हटलं, चला, एकदा ऐकूच सरकारचं. जिन्याचा दरवाजा ढकलला, तर कुलूप! वॉचमन म्हणतो, किल्ली साहेबांकडे आणि साहेब रजेवर. काचेतून डोकावले तर पायऱ्यांवर मोडक्या खुर्च्या, फरशी पुसायची बादली आणि त्याच पोस्टरांचा अख्खा गठ्ठा, सुतळीसुद्धा न सोडलेला. (आग लागली तर काय, हे विचारायचं नाही. तो विषय दुसऱ्या खात्याचा.)

आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम करा, मुलांना रोज ६० मिनिटं हलू द्या, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सांगितलं. मान्य आहे हो! पण चालू कुठे? फुटपाथ आहे म्हणावा तर मध्येच विजेची डीपी, पुढे गाड्या लावलेल्या, त्यापुढे खोदून ठेवलेला खड्डा. मग उतरा रस्त्यावर आणि मागून हॉर्न खा. मी कामावरून सुटते तेव्हा अंधार पडलेला असतो आणि चारातले दोन दिवे बंद. अशा रस्त्याने 'ब्रिस्क वॉक' करायचा म्हणे. जगभरात पुरुषांपेक्षा बायकांची हालचाल कमी पडते, हे आकडे दरवेळी छापतात. ते छापणाऱ्यांनी एकदा माझ्याबरोबर रात्री आठला चालून दाखवावं.

आणि आकडे तरी काय सांगतात? २०१८ मध्ये जगातल्या देशांनी एका आराखड्याला माना डोलावल्या: २०३० पर्यंत शारीरिक निष्क्रियता १५ टक्क्यांनी कमी करायची. पुरेशी हालचाल न करणारे प्रौढ २०१० मध्ये होते २६ टक्के, २०२२ मध्ये झाले ३१. म्हणजे सुमारे १८० कोटी माणसं. हे सगळे काय एकदम आळशी झाले? त्याच आराखड्यात रस्ते, वाहतूक, शहररचना सगळं लिहिलेलं आहे. खाली झिरपता झिरपता उरतं फक्त पोस्टर. पोस्टर स्वस्त पडतं आणि त्यासाठी बांधकाम खात्याच्या दारात जाऊन उभं राहावं लागत नाही.

ब्रिटिश डॉक्टर जेरी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसवरचे ड्रायव्हर आणि कंडक्टर तपासले आणि १९५३ मध्ये निष्कर्ष छापले. दिवसभर बसून असलेल्या ड्रायव्हरांपेक्षा वरखाली करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी. त्यांना कोणी 'हृदय जपा' म्हणून पायऱ्या चढायला लावलं नव्हतं. तिकिटं फाडायची तर जिना चढावाच लागायचा! सत्तर वर्षं झाली या गोष्टीला. तरी धोरणवाल्यांच्या लेखी हालचाल म्हणजे पहाटे पाचला उठून, दिवसाचं सगळं काम वेगळं ठेवून, स्वतःच्या हिमतीवर करायची तपश्चर्या. नाही जमली की दोष तुमचा. डॉक्टरसुद्धा तेच ऐकवतात, 'मॅडम, थोडं चालत जा.'

वर ते दहा हजार पावलांचं खूळ. १९६५ मध्ये जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला काढलं, त्याचं नावच 'दहा हजार पावलांचा मीटर'. ते जाहिरातीचं नाव आज आमच्या मनगटावर येऊन बसलंय. मीटिंगमध्ये दोन तास खुर्चीला खिळलेले असताना घड्याळ बझ्झ करून सांगतं, 'उठा, थोडं चाला.' उठून दाखवू? साहेबांसमोर?

मला मोहीम नको, शपथ नको, टोपी आणि टी-शर्ट वाटून वर्षातून एकदा काढलेली रॅलीही नको. सलग फुटपाथ द्या, दिवे लावा, जिना उघडा. रॅलीला येणारे मंत्री गाडीतून उतरून शंभर पावलं चालतात, फोटो झाला की परत गाडीत बसतात. तेवढ्या खर्चात आमच्या रस्त्यावरचे बंद दिवे लागले असते.

साहेब सोमवारी येणार आहेत. किल्ली मागायला मी जाणार आहे, आणि तो गठ्ठा त्यांच्याच टेबलावर नेऊन ठेवणार आहे.