‘कळत नाही ती वायर कापा’ : हा सल्ला मानू नका

जुन्या गाड्या सांभाळणाऱ्या पुण्यातल्या मंडळींकडून एकच मजकूर मला महिन्याभरात चार वेळा फॉरवर्ड होऊन आला. त्यात म्हटलंय: जुन्या गाडीत जी वायर कुठे जाते ते कळत नाही ती बिनकामाची, कापून टेप लावा, रंगावरून वायर ओळखा, काळी म्हणजे अर्थिंग (गाडीच्या पत्र्याला जोडलेली), मल्टीमीटर शून्य दाखवतो ती वायर मेलेली, आणि फ्यूज सारखा उडत असेल तर मोठा टाका. चारही गोष्टी चुकीच्या आहेत आणि चौथीने तर गाडी पेटू शकते.

कापण्यापासून सुरुवात करतो, कारण हे आमच्याच घरी झालं. वडिलांची प्रीमियर पद्मिनी गाडी कोथरूडला उघड्यावर उभी असते. डॅशबोर्डखाली एक पिवळी वायर लोंबत होती. एका गॅरेजवाल्याने ती कापली, टोकाला टेप गुंडाळला. गाडी चालू झाली, म्हणून आम्हीही विषय सोडला. मे महिन्याच्या उन्हात टेपचा गोंद पातळ झाला, टेप घरंगळला आणि उघडं तांबं क्लच पेडलच्या दांड्याला टेकलं. जळक्या रबराचा वास आला तेव्हा वडील सिग्नलला उभे होते. नंतर कार्पेट उचलून वायरचा माग काढला. मागचा तुकडा डिकीत जात होता, केव्हाच काढून टाकलेल्या गॅस किटकडे. पुढचं टोक मात्र फ्यूज बॉक्समध्ये बॅटरीच्या थेट बाजूला, म्हणजे फ्यूजच्या अलीकडे जोडलेलं. त्यामुळे वायर जळली तरी एकही फ्यूज उडाला नाही. मधोमध कापलेल्या वायरचा एक तुकडा मरतो, दुसऱ्यात करंट तसाच राहतो. वायर खरंच नको असेल तर ती उगमापाशी सोडवायची.

उलटही घडतं. अल्टरनेटरवर, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्रावर, जाणारी एक बारीक वायर असते, डॅशबोर्डवरच्या चार्जिंगच्या दिव्यातून आलेली. दिसायला अगदी किरकोळ. पण बऱ्याच जुन्या अल्टरनेटरना सुरुवातीचा करंट याच वायरीतून मिळतो. ती कापली की बॅटरी चार्ज होत नाही आणि दोष बिचाऱ्या बॅटरीवर जातो.

रंगांचं म्हणाल, तर अ‍ॅम्बॅसिडरसारख्या ब्रिटिश घराण्यातल्या गाडीत ल्यूकस या ब्रिटिश कंपनीच्या पद्धतीप्रमाणे तपकिरी वायर म्हणजे बॅटरीचा थेट करंट. जर्मन पद्धतीत तीच तपकिरी म्हणजे अर्थिंग. शिवाय तीस-चाळीस वर्षांत कुणीकुणी नाना पेठेतून मिळेल त्या रंगाची वायर आणून जोडलेली असते. रंगावरून अंदाज बांधा, पण खात्री दोन्ही टोकं तपासूनच करा. बॅटरीचा निगेटिव्ह काढा, मीटर कंटिन्यूइटीवर (वायर सलग आहे का ते सांगणाऱ्या सेटिंगवर) ठेवा आणि सापडलेल्या प्रत्येक टोकाला चिठ्ठी बांधा.

‘मीटर शून्य म्हणजे मेलेली’ हे तर सहज खोटं ठरतं. ब्रेकच्या दिव्याची वायर पेडल दाबल्याशिवाय शून्यच दाखवणार. जुन्या चेतक स्कूटरचा हेडलाइट मॅग्नेटोच्या, म्हणजे इंजिनबरोबर फिरून वीज बनवणाऱ्या भागाच्या, एसी करंटवर चालतो. इंजिन बंद असेल तर तिथे काही नाही, आणि चालू असतानाही मीटर डीसीवर असेल तर जवळजवळ काहीच दिसत नाही. याची दुसरी बाजू जास्त फसवी आहे: वायरचे सगळे पदर गंजून एकच धागा उरला तरी मीटर बारा व्होल्ट दाखवतो. तिथे २१ वॅटचा ब्रेकचा बल्ब लावून बघा. मिणमिणला, तर वायर आतून गेलेली आहे. पुण्याचे चार पावसाळे झेललेल्या अर्थिंगच्या लगपाशीही (वायरच्या टोकाची, पत्र्याला बोल्टने कसलेली धातूची पट्टी) हाच प्रकार असतो. इंडिकेटर लावला की ब्रेकचा दिवाही लुकलुकायला लागतो, त्याचं कारण बहुतेक वेळा तेच.

आता फ्यूज. तो वायरला वाचवण्यासाठी असतो. आठ अँपिअरच्या जागी तीसचा टाकला, तर शॉर्ट झाल्यावर आधी वायर तापते, मग इन्सुलेशन वितळतं आणि शेजारच्या चार वायरी एकमेकींना चिकटतात.

फ्यूज उडतोय म्हणजे गाडी शॉर्ट दाखवतेय, आणि तो शोधायला तोच २१ वॅटचा बल्ब पुरतो. उडालेल्या फ्यूजच्या जागी चिमट्यांनी बल्ब जोडायचा. बल्बमुळे करंट पावणेदोन अँपिअरच्या आसपासच राहतो, म्हणून काही जळत नाही. शॉर्ट असेपर्यंत बल्ब भगभगीत पेटतो. मग एकाने बल्बकडे बघायचं, दुसऱ्याने वायरिंग हातभर-हातभर हलवत जायचं. आमच्या पद्मिनीत पार्किंग लाइटचा फ्यूज उडत होता. डिकी अर्धी उघडली की बल्ब लख्ख, पूर्ण उघडली की मंद. नंबर प्लेटच्या दिव्याची वायर बिजागरीपाशी जिथून आत शिरते, तिथला भोकाच्या कडेला बसवलेला रबरी ग्रोमेट गळून पडला होता आणि पत्र्याच्या कडेने इन्सुलेशन नखाएवढं सोललं होतं. तेवढा तुकडा बदलला, स्लीव्ह चढवली, नवा ग्रोमेट बसवला. फ्यूज आठचाच ठेवला, तो अजून तिथेच आहे.