देऊळ सोडवायचं, पण कुणाच्या हवाली?

मे महिन्यातल्या एका बुधवारी संध्याकाळी यॉर्कशायरमधल्या आमच्या गावच्या चर्चमध्ये मी हात वर करून मत दिलं. मी इंदूरची. आमचं मूळ घर राजवाड्यापासून चालत दहा मिनिटांवरचं, पुढे आम्ही लोकमान्य नगरात गेलो. देवघरात विठ्ठल-रखुमाई आणि कुलस्वामिनीचा टाक. माझा बाप्तिस्मा झालेला नाही, व्हायचाही नाही. तरी चर्चचे दोन वॉर्डन, म्हणजे आपल्याकडचे पंच म्हणा, वहिवाटदार म्हणा, निवडायच्या सभेत माझा हात मोजला गेला. दोन जागांना तीन नावं आली होती. चिठ्ठ्या टाकायचा आग्रह कुणी धरला नाही, म्हणून हात वर करून निवड झाली.

मला वाटलं होतं, ओळखीपाळखीमुळे मला बसू दिलं असावं. शेजारच्या बाईंनी सांगितलं की तो माझा हक्कच आहे. चर्च ऑफ इंग्लंडच्या कायद्याप्रमाणे ही सभा दरवर्षी ३१ मेच्या आत घ्यावी लागते. चर्चच्या स्वतःच्या यादीत ज्यांचं नाव आहे ते तिथे मत देतातच, पण पॅरिशच्या, म्हणजे त्या चर्चच्या वाट्याला आलेल्या परिसराच्या, हद्दीत राहणारा आणि स्थानिक निवडणुकीच्या मतदार यादीत असलेला कुणीही देऊ शकतो. त्यात धर्माचा रकाना नाही. भारत राष्ट्रकुलात असल्याने इथे कायदेशीर वास्तव्य असलेल्या भारतीयाचं नाव त्या यादीत येऊ शकतं. माझं आहे.

त्याच आठवड्यात आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जुना वाद पुन्हा पेटला होता: सरकारने देवळांचा ताबा सोडावा की नाही. २०२४ च्या सप्टेंबरात तिरुपतीच्या लाडवातल्या तुपावरून देशभर गदारोळ झाला, तेव्हापासून आमच्याकडे हा विषय दर दोन-तीन महिन्यांनी निघतो. आम्हा माळव्यातल्या लोकांना तो लांबचाही नाही. उज्जैनच्या महाकालाचा कारभार १९८२ च्या कायद्याने चालतो, खजराण्याच्या गणपतीच्या समितीवर कलेक्टर अध्यक्ष. होळकरांच्या आणि शिंद्यांच्या राज्यातली कितीतरी देवस्थानं संस्थानं विलीन झाल्यावर सरकारकडे आली आणि जमिनीच्या कागदांवर व्यवस्थापक म्हणून कलेक्टरचं नाव लागलं. माझ्या चुलतभावाचा मुद्दा नेहमी एकच असतो: चर्चवर सरकार हात घालतं का? मग आमच्याच देवळांवर का?

त्याच्या मनातली चीड मला समजते. देवासमोर टाकलेला पैसा कुठल्या खात्यात गेला हे भाविकाला कळू नये, ही चीड यावी अशीच गोष्ट आहे. पण चर्चचा दाखला तो देतो तेव्हा मला थांबवावंसं वाटतं, कारण मी राहते तिथलं चर्च तर राज्याशी पुरतं बांधलेलं आहे. ब्रिटनचा राजा त्याचा ‘सुप्रीम गव्हर्नर’, म्हणजे सर्वोच्च अधिकारी. २६ बिशप संसदेच्या वरिष्ठ सभागृहात बसतात. चर्चच्या महासभेने केलेला कायदा संसदेने मान्य केल्याशिवाय लागू होत नाही. १९२८ साली तर चर्चने सुधारून दिलेलं प्रार्थनेचं पुस्तक संसदेने दुसऱ्यांदा फेटाळलं होतं. लोक कोणत्या शब्दांत देवाची प्रार्थना करणार, यावर खासदारांनी मतदान केलं! इतकी सरकारी सावली आपल्याकडच्या फार थोड्या देवळांवर असेल.

तरीही आमच्या गावच्या चर्चचा रोजचा कारभार लंडनहून चालत नाही आणि गावातल्या चार घरांतूनही चालत नाही. या मधल्या जागेबद्दल मला लिहायचं आहे. आपल्या वादात ती कुणी काढतच नाही.

आधी आमच्या देवळाचं सांगते. होळकरशाहीतलं लहान विठ्ठलमंदिर, पाच मराठी घराण्यांचा ट्रस्ट. सध्या आप्पाकाका कारभार पाहतात. दानपेटीची किल्ली त्यांच्या जानव्याला असते, मला आठवतं तेव्हापासून तिथेच. एक पैसा इकडचा तिकडे झालेला नाही याची मी कुठेही शपथ घेईन. पण त्या पाच घरांपैकी तीन घरं आता पुण्यात आणि बंगळुरात आहेत. गल्लीत राहिलेत माळवी, सिंधी आणि मारवाडी शेजारी. पहाटे चारला सभामंडप झाडून काकड्याआधी रांगोळी घालते ती समोरची माळवी भाभी, गेली बावीस वर्षं. ‘उठा उठा हो सकळिक’ तिला पाठ आहे. दोन पावसाळ्यांपूर्वी मंडपाचा पत्रा गळायला लागला, तेव्हा तिने विचारलं, हे कधी नीट होणार? तिला उत्तर मिळालं, ‘‘बहनजी, वो ट्रस्ट देखेगा।’’ मी तेव्हा सुट्टीवर आले होते, ओवरीत उभी होते. तिने पुन्हा काही विचारलं नाही, घरून बादली आणून गळतीखाली ठेवली आणि झाडू लागली. मी तिथे काही बोलले नाही. ते आजही मला लागून आहे.

आता इथलं. मी चर्चमध्ये पहिल्यांदा गेले ती देवासाठी गेले नव्हते. मुलगी दीड वर्षाची होती, नोव्हेंबरचा अंधार, चारला दिवे लागायचे आणि दिवसभर बोलायला माणूस नसायचं. चर्चच्या हॉलमध्ये दर मंगळवारी लहान मुलांचा गट भरतो असं दवाखान्यातल्या नर्सने सांगितलं. खेळणी, चटया, कोपऱ्यात चहाची किटली. माझं नाव विचारलं, धर्म नाही. वर्षभराने चहाच्या खिडकीआड मी उभी होते. मग हळूहळू बाकीचं दिसायला लागलं: दक्षिण दारापाशी फूड बँकेचं खोकं, ज्यात येणारा-जाणारा डबे आणि पास्ता टाकतो, बाकांखाली गुडघे टेकायच्या उश्या, गावातल्या बायकांनी भरतकाम करून दिलेल्या, शुक्रवारी घंटा वाजवायचा सराव करणारे सहाजण, त्यातले दोघे रविवारी उपासनेला थांबत नाहीत आणि त्याबद्दल त्यांना कुणी काही विचारत नाही.

संध्याकाळच्या उपासनेला मी कधीकधी मागच्या बाकावर बसते. रात्रीच्या संकटांपासून आम्हाला राख, अशी एक प्रार्थना तीत असते. दिवेलागणीला आई हात जोडायला लावायची ती सवय तेव्हा आपोआप जागी होते, आणि मला त्यात काही चुकल्यासारखं वाटत नाही.

पलीकडच्या घरातले आजोबा वारले तेव्हा पॅरिशचा अर्थ मला नीट कळला. ते आयुष्यात चर्चला फारसे गेले नव्हते, देवाबद्दल बरं बोलत नसत. पण व्हिकारबाई, म्हणजे पॅरिशच्या धर्मगुरू, दोनदा घरी येऊन त्यांच्या मुलीशी तास तासभर बोलल्या आणि अंत्यविधी त्यांनीच केला. इंग्लंडची सगळी भूमी पॅरिशांमध्ये वाटलेली आहे, १२,००० हून अधिक पॅरिश आहेत, आणि हद्दीत राहणारा प्रत्येक माणूस त्या व्हिकारच्या जबाबदारीतला मानला जातो. तिथे लग्न लावून घेण्याचा आणि चर्चच्या आवारात जागा असेल तर मातीत विसावण्याचा हक्क नुसत्या राहण्यावरून मिळतो.

हे वाचून कुणाला वाटेल की इंग्रज फार मोठ्या मनाचे. तसं नाही, आणि मला तसं भासवायचंही नाही. हा हक्क करातून आला. चर्चची डागडुजी करायला पॅरिशमधल्या सगळ्यांकडून पट्टी घेत, त्यात कॅथलिक, बाकीच्या पंथांचे, सगळे आले. पैसे सगळ्यांचे म्हणून सभाही सगळ्यांची. गोरगरिबांची व्यवस्था, रस्ते, असली कामंही पॅरिशचीच सभा पाही. सक्तीची पट्टी १८६८ साली गेली, १८९४ च्या कायद्याने गावाचा कारभार चर्चपासून वेगळा झाला, पण वॉर्डन निवडायचा हक्क तेवढा सगळ्यांकडे राहून गेला. आणि आज हे चर्च रिकामं होत चाललं आहे हेही खरं. सगळ्या इंग्लंडात नियमित उपासक साधारण दहा लाख. मुलांवरच्या अत्याचाराचं प्रकरण नीट न हाताळल्याबद्दल २०२४ च्या नोव्हेंबरात खुद्द कँटरबरीच्या आर्चबिशपांना राजीनामा जाहीर करावा लागला. पायरीवरच्या लोकांना मत असलं म्हणजे वरचे आपोआप उत्तरदायी होत नाहीत. गावचं उदाहरण मी गावापुरतंच देते आहे.

पण गावापुरतं ते फार मोलाचं आहे. त्या बुधवारच्या सभेत खजिनदारांनी हिशेबाचा कागद सगळ्यांना वाटला. निवृत्त शिक्षक, प्रत्येक ओळीवर बोट ठेवून वाचत होते. तेल, विमा, ऑर्गन दुरुस्ती, मेणबत्त्या, डायोसिसला, म्हणजे बिशपच्या प्रांताला, पाठवलेला वाटा. जमेच्या बाजूला रविवारी थाळीत पडलेलं दान, हॉलचं भाडं, उन्हाळी जत्रेची विक्री. सरकार व्हिकारचा पगार देत नाही, बॉयलरही बदलून देत नाही. हे सगळं लोकांच्याच पैशातलं. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, गवत कापायच्या यंत्राची दुरुस्ती दोनदा का दिसते? खजिनदारांनी पावत्यांची फाईल उघडली, दोन्ही पावत्या काढल्या, तारखा वाचून दाखवल्या. कुणाचा अपमान झाला नाही, कुणी उठून गेलं नाही. प्रश्न विचारणं म्हणजे संशय घेणं नव्हे, एवढी साधी गोष्ट त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होती. मला त्या क्षणी भाभीची बादली दिसली.

आप्पाकाकांना मी हे फोनवर सांगितलं. ते रागावतील वाटलं होतं, पण त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच अडचण काढली, ती मात्र वजनदार. म्हणाले, ‘‘बाळ, गल्लीला मत दिलं तर उद्या एखादा वॉर्डातला पुढारी शंभर माणसं घेऊन येईल आणि देऊळच बळकावेल. मग काकडा कोण करणार आणि कसा?’’

याचं उत्तर इथल्या रचनेत आहे असं मला वाटतं. मत सगळ्यांना, पण वॉर्डन व्हायला मात्र बाप्तिस्मा झालेला, नेमाने प्रसाद घेणारा माणूसच लागतो. मी मत देऊ शकते, उभी राहू शकत नाही, आणि ते मला रास्त वाटतं. उपासना कशी करायची हे सभा ठरवत नाही. इमारत आणि जमीन व्हिकारच्या पदाच्या नावे असते, व्यक्तीच्या नाही. चांदीचे प्याले, पुस्तकं, खुर्च्या अशा जंगम वस्तू वॉर्डनांच्या ताब्यात, आणि त्यांची यादी ठेवणं हे त्यांचं काम. जुना बाक कायमचा काढायचा तरी डायोसिसची लेखी परवानगी लागते. पूजा श्रद्धावानांकडे, वस्तू कुणाच्याच मालकीच्या नाहीत, आणि हिशेबावर नजर सगळ्यांची. इतक्या गाठी मारलेलं देऊळ शंभर माणसं आणून बळकावता येत नाही.

आपल्या कायद्यालाही हा विचार परका नाही. २०२१ च्या सप्टेंबरात मध्य प्रदेशातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की देवस्थानाच्या जमिनीचा मालक देव, पुजारी फक्त व्यवस्था पाहणारा. मालक देव असेल तर कलेक्टर काय आणि पाच घराणी काय, सगळेच कारभारी. कारभाऱ्याने हिशेब कुणाला द्यायचा, एवढाच प्रश्न उरतो. म्हणून चुलतभावाच्या मागणीला माझा विरोध नाही. देवळं सरकारकडून जरूर सोडवावीत. पण ती सोडवून पुन्हा बंद दाराआडच्या पाच घरांकडे द्यायची असतील, तर पहाटे चारला उठणाऱ्या भाभीच्या वाट्याला काय आलं? तिच्यासाठी कलेक्टरही ‘वो देखेगा’ आणि ट्रस्टही ‘वो देखेगा’च.

मराठीपणाची काळजी मला समजते. इंदुरात आपली घरं कमी होत चालली, नाटकं आणि व्याख्यानं आपण जपली, देऊळ तरी आपलं राहू दे, असं आईला वाटतं. पण काकड्याचे अभंग मराठीत टिकलेत ते कुणामुळे, हे ती रोज पहाटे ऐकते. गल्लीला सभेत बसवल्याने मराठी जाईल असं मला वाटत नाही. गाव सोडून गेलेल्या तीन घरांमुळे ती गेली असती, ती भाभीने राखली.

आणखी एक सांगायचं राहिलं. इंदूरच्या रेसिडेन्सीच्या बाजूचं पांढरं चर्च, सेंट अ‍ॅन, माझ्या शाळेच्या वाटेवर होतं. तिथे अँग्लिकन परंपरेतलीच माणसं जमत आली आहेत, १९७० पासून उत्तर भारताच्या एकत्रित चर्चमध्ये. पंधरा वर्षं मी त्या फाटकावरून गेले आणि आत काय चालतं हे कधी पाहिलं नाही. कुणी अडवलं नसतं. ते आपलं नाही हे मी स्वतःच ठरवून टाकलं होतं.

आप्पाकाकांनी परवा इथल्या हिशेबाच्या कागदाचा फोटो मागवला. पाठवला. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला, मेणबत्त्यांचा खर्च वेगळ्या ओळीत का दाखवलाय म्हणून. मी म्हटलं, लोक त्यासाठी वेगळे पैसे टाकतात, मग तो वेगळा दाखवावा लागतो. ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, नंदादीपाच्या तेलाला भाभी दर महिन्याला पैसे देते, ते मी आजवर कुठेच लिहिलेले नाहीत.